सीट पुन्हा बसवल्यावर एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर काय करावे

ठाणे आणि नवी मुंबईत गाडीची पुढची सीट काढण्याची वेळ प्रामुख्याने दोन कारणांनी येते: पावसाळ्यात आत पाणी शिरून कार्पेट भिजते, किंवा नवी सीट कव्हरे घालताना दुकानदार सीट बाहेर काढतो. सीट परत बसते, बोल्ट आवळले जातात, गाडीही सुरू होते; पण मीटरमधले, बसलेल्या माणसासमोर फुगा दाखवणारे चिन्ह काही विझत नाही. माझ्या गाडीचे कार्पेट वाळवून घेतल्यावर हेच झाले. ‘चार दिवस चालवा, आपोआप जाईल’ असे सांगून दुकानदाराने चावी हातात ठेवली, आणि दिवा होता तसाच राहिला. नंतर सर्व्हिस मॅन्युअल वाचून, जाणत्या मेकॅनिकला विचारून आणि स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोष वाचणारे यंत्र) लावून घेऊन जे समजले, ते नव्याने या फेऱ्यात सापडणाऱ्यांसाठी क्रमाने मांडत आहे.

दिवा नेमका कशामुळे पेटतो

एअरबॅगचे नियंत्रण करणारे मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, मधल्या कन्सोलखाली, जमिनीच्या पत्र्याला घट्ट बसवलेले असते. चावी ऑन केली की ते प्रत्येक एअरबॅगच्या आणि सीटबेल्ट खेचणाऱ्या प्रीटेन्शनरच्या वायरिंगचा विद्युतरोध तपासते, आणि गाडी चालू असेपर्यंत ही तपासणी थांबत नाही. एअरबॅगमधील स्फोटक कांडीचा रोध साधारणपणे दोन ओहमच्या आसपास असतो. सीटखालचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सुटलेला असताना कोणी चावी ऑन केली, तर मॉड्यूलला ते सर्किट तुटलेले दिसते. त्याची नोंद कोडच्या रूपात स्मृतीत साठवली जाते आणि दिवा पेटतो. पुढे कपलर व्यवस्थित जोडला तरी कित्येक गाड्यांत ती नोंद स्कॅनरने पुसेपर्यंत दिवा जात नाही. काही गाड्यांत दोष दूर झाल्यावर दिवा स्वतःहून विझतो आणि केवळ जुनी नोंद मागे राहते. ‘आपोआप जाईल’ हे वाक्य एखाद्या ग्राहकाच्या बाबतीत खरे आणि दुसऱ्याच्या बाबतीत खोटे ठरते ते यामुळेच.

दिवा पेटलेला असताना एअरबॅग गरजेच्या क्षणी उघडेलच असे धरून चालता येत नाही. भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशाची २०२१ मध्ये बंधनकारक झाली असल्यामुळे आता अगदी खालच्या प्रतीच्या नव्या गाडीच्या मालकालाही हा प्रश्न पडू शकतो.

हे काम स्वतः केव्हा करू नये

गाडीला अपघात झाला असेल, एखादी एअरबॅग उघडली असेल किंवा पाणी मधल्या कन्सोलपर्यंत चढले असेल, तर पुढची पावले स्वतः उचलू नयेत. चावीसुद्धा ऑन करू नये आणि गाडी उचलून सर्व्हिस सेंटरला न्यावी. नवी मुंबईच्या सखल सेक्टरांत भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की धारण तलावांतून (पावसाचे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या तलावांतून) पाण्याचा निचरा वेळेवर होत नाही, आणि साचलेल्या पाण्यात खाडीचे खारे पाणी मिसळलेले असण्याची शक्यता असते. खाऱ्या पाण्याने कपलरच्या पिना साध्या पावसाच्या पाण्यापेक्षा फार लवकर गंजतात. बसायच्या सीटच्या पाठीतील एअरबॅग स्वतः भिजली असेल तर ती वाळवून वापरण्याची गोष्ट नाही, बदलण्याची आहे. भिजलेला फोम लवकर वाळावा म्हणून सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेवर हीट गन किंवा केस वाळवायचे यंत्र धरणे तर कटाक्षाने टाळावे.

पाण्यामुळे नुकसान झाले असेल आणि सर्वसमावेशक विमा असेल, तर सर्व्हेअर गाडी पाहून जाईपर्यंत सीट काढू नये. आधी फोटो, मग विमा कंपनीला सूचना, मग काम, हा क्रम मोडला तर दाव्याच्या वेळी विनाकारण वाद होतो.

जवळ असावे ते साहित्य आणि कागद

गोटी पान्यांचा सेट, तुमच्या गाडीच्या बोल्टला लागणारा ताऱ्याच्या आकाराचा बिट, टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणारा), कपाळावर बांधता येईल असा चांगला टॉर्च, सीट टेकवायला जुनी चादर आणि इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे एवढे पुरते. गंज सोडवणारा तेलकट स्प्रे हा कॉन्टॅक्ट क्लीनर नव्हे. तो कपलरमध्ये मारू नये. कागदांपैकी मालकाचे मॅन्युअल, सर्व्हिस बुकलेट, आरसी आणि सीट ज्यांनी काढली त्यांचे बिल किंवा जॉब कार्ड हाताशी ठेवावे. आरसीवरचा चासी नंबर, गाडीचे नेमके व्हेरिएंट आणि उत्पादनाचा महिना–वर्ष लिहून ठेवले तर भाग मागवताना व स्कॅनर जोडताना वेळ वाचतो, कारण एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटमध्ये सीटखालची वायरिंग वेगळी असू शकते.

१. दिवा कोणता आहे याची खात्री करा

चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझणे हे यंत्रणा ठीक असल्याचे लक्षण आहे. तो पेटूनच राहिला, मध्येच लुकलुकला किंवा सुरुवातीला अजिबात पेटलाच नाही, तर दोष आहे. यातील तिसऱ्या प्रकाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सीटबेल्टची आठवण करणारा दिवा आणि ‘प्रवासी एअरबॅग बंद’ असे दाखवणारा दिवा हे दोन्ही वेगळे असतात. शेजारच्या सीटवर लॅपटॉपची जड बॅग ठेवली आणि बेल्टची घंटी वाजू लागली, तर त्याचा या लेखाशी संबंध नाही.

२. बॅटरी सोडवण्याआधी सीट हलवून घ्या

सीट आधीच बसवून झालेली असली तरी खालचे कपलर तपासायला ती पुन्हा सैल करून मागे कलती करावी लागण्याची शक्यता अधिक. येथे क्रमाला महत्त्व आहे. सीट पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट सैल करावे, मग मागे सरकवून पुढचे दोन. त्यानंतरच बॅटरीला हात लावावा. सीट विजेवर सरकणारी असेल आणि बॅटरी आधी सोडवली, तर सीट आहे तिथेच अडकते, बोल्ट दिसत नाहीत, आणि माणूस वैतागून बॅटरी पुन्हा जोडतो. अर्धवट सुटलेले कपलर आणि ऑन झालेली चावी यांची गाठ पडते ती बहुधा अशाच वेळी. शक्य असल्यास एक काच खाली ठेवावी, म्हणजे दारे लॉक झाली तरी आत शिरता येते.

हे काम सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, सपाट जागी आणि कोरड्यात करावे. यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात गाडी उभी असताना ते करू नये.

३. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि थांबा

चावी बंद करून बाहेर काढावी. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर रिमोट चावी घरात, गाडीपासून दूर ठेवावी. मग बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ते परत टेकणार नाही अशा रीतीने फडक्यात गुंडाळून बाजूला करावे. मॉड्यूलच्या आत असलेले कपॅसिटर काही काळ वीज धरून ठेवतात, कारण अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी अशी ती सोय आहे. कंपन्या साधारणपणे दीड ते तीन मिनिटे थांबायला सांगतात. मी दहा मिनिटे थांबणे पसंत करतो आणि इतरांनाही तेच सुचवतो, कारण या वेळेत कपाट आवरण्याइतके काम तरी होतेच. हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या केबलना कोणत्याही परिस्थितीत स्पर्श करू नये. अशा गाडीचे काम सर्व्हिस सेंटरलाच द्यावे.

४. सीटखालचे कपलर एकेक करून तपासा

लेखाचा गाभा हा आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो. हात घालण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला, म्हणजे दाराच्या बिजागरीला किंवा सीटच्या रुळाला, स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. सीट मागे कलती करून टॉर्चच्या उजेडात खाली पाहिले की वेगवेगळ्या रंगांचे कपलर दिसतात. एअरबॅग आणि प्रीटेन्शनर यांचे कपलर किंवा त्यांच्या वायरींवरचे आवरण सहसा पिवळे असते. सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला एसआरएस एअरबॅग अशी पट्टी शिवलेली असेल, तर त्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग आहे. अशी पट्टी नसलेल्या साध्या व्हेरिएंटमध्ये सीटखाली बेल्टच्या बकलचा स्विच, आणि प्रवासी सीटवर वजन ओळखणाऱ्या सेन्सरची वायर, एवढेच असू शकते.

बहुतेक पिवळ्या कपलरना दुहेरी लॉक असते: एक मुख्य पकड आणि तिच्यावर सरकणारी छोटी खिट्टी. खिट्टी आधी सरकवल्याशिवाय कपलर ओढला तर ती तुटते, आणि तुटलेली खिट्टी सहसा वेगळी मिळत नसल्याने पुढे पूर्ण वायरिंगचा खर्च येऊ शकतो. कपलर सोडवल्यावर त्याच्या आतील एक छोटी धातूची पट्टी दोन्ही पिना आपसांत जोडते, जेणेकरून भटक्या विजेने एअरबॅग उघडू नये. कपलर पूर्ण आत गेल्यावरच ही पट्टी बाजूला होते. कपलर अर्धाच बसला, तर हाताला तो जोडल्यासारखा वाटतो आणि मॉड्यूलला मात्र शॉर्ट झालेले सर्किट दिसते. दुकानात घाईने बसवलेल्या सीटच्या बाबतीत मला हेच कारण सर्वांत संभाव्य वाटते.

म्हणून प्रत्येक कपलर पूर्ण सोडवावा, पिना वाकल्या आहेत का व त्यांवर हिरवट पूड जमली आहे का ते पाहावे, हलकी पूड असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू द्यावे, मग ‘कट’ असा आवाज येईपर्यंत कपलर दाबून शेवटी खिट्टी जागेवर सरकवावी. पिना खाल्ल्या गेल्या असतील, तर त्या घासत बसू नये. तो भाग बदलावा. कपलरखालचे कार्पेट वरून कोरडे वाटत असले तरी त्याखालचा जाड फेल्टचा थर हाताने दाबून पाहावा. ठाण्याच्या जुलैतल्या हवेत तो थर आठवडाभरातही वाळत नाही, आणि ओल्या फेल्टवर ठेवलेला कपलर पुन्हा गंजतो.

मल्टीमीटर घेऊन एअरबॅगच्या पिना मोजण्याचा मोह काही हुशार मंडळींना होतो. तो करू नये. मीटरच्या ओहम मोजण्याच्या विजेने एअरबॅग उघडण्याचा धोका असतो.

५. सीट आवळा, मग बॅटरी जोडा

सर्व कपलर जोडले गेले आहेत, वायर रुळाखाली किंवा बोल्टखाली चिमटली नाही, आणि वायर बांधणाऱ्या क्लिपा पूर्वीच्या जागी आहेत, हे पाहून सीट खाली बसवावी. चारही बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवून लावावे, मग सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळावे. अपघातात सीट गाडीला धरून ठेवण्याचे काम याच चार बोल्टांचे असल्याने ‘हाताच्या अंदाजाने’ आवळणे येथे चालत नाही. हाताने सरकणारी सीट शेवटपर्यंत पुढे–मागे सरकवून वायर ताणली जात नाही ना, हे पाहावे. त्यानंतर निगेटिव्ह टर्मिनल जोडावे. घड्याळ, रेडिओ आणि आपोआप वर जाणाऱ्या काचांची सेटिंग पुसली गेलेली असू शकते. तो बिघाड नव्हे, मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे ती पुन्हा करून घेता येते.

पहिल्यांदा चावी ऑन करताना गाडीत कोणी बसू नये. खिडकीतून हात घालून चावी फिरवावी आणि दिवा पाहावा. तो काही सेकंदांत विझला, तर गाडीने स्वतःच दोष मिटल्याचे मानले आहे आणि तुम्ही थेट सातव्या पायरीवर जाऊ शकता.

६. योग्य स्कॅनरने कोड वाचा, आणि वाचल्यावरच पुसा

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी, म्हणजे गाडीतले कोड वाचायचे, सॉकेट असते. त्यात लावायचे ब्लूटूथचे स्वस्त रीडर ऑनलाइन सहज मिळतात, पण त्यातील बहुतेक केवळ इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड ‘बी’ अक्षराने सुरू होतात आणि वेगळ्या मॉड्यूलमध्ये साठतात. इंजिनाच्या रीडरने ‘कोणताही कोड नाही’ असे दाखवले म्हणजे एअरबॅग ठीक आहे, असा अर्थ काढणे हा नवख्यांचा नेहमीचा गोंधळ आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे स्वतःचा स्कॅनर असतो. ठाण्यात वागळे इस्टेट व घोडबंदर रस्त्याच्या बाजूला आणि नवी मुंबईत तुर्भे व ठाणे–बेलापूर रस्त्यालगत असलेल्या स्वतंत्र गॅरेजांपैकी ज्यांच्याकडे अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा स्कॅनर आहे, त्यांच्याकडेही हे काम होऊ शकते. निघण्यापूर्वी फोनवर एवढेच विचारावे: ‘माझ्या गाडीच्या या मॉडेल आणि वर्षासाठी तुमचा स्कॅनर एअरबॅग मॉड्यूल उघडतो का, आणि पुसण्याआधी कोडचा फोटो काढू द्याल का?’ दुसऱ्या प्रश्नावर कुरकुर ऐकू आली, तर दुसरे गॅरेज शोधावे.

कोडसोबत त्याची स्थितीही दिसते: सध्याचा किंवा जुना. जुना असेल तर पुसला की विषय संपतो. सध्याचा असेल तर तो पुसला जात नाही, किंवा पुसल्याबरोबर परत येतो, कारण दोष अजून तिथेच आहे. वर्णनावरून पुढची दिशा ठरते. रोध जास्त किंवा सर्किट तुटलेले असे आले, तर कपलर सुटलेला, पिन वाकलेली किंवा गंजलेली असते. रोध कमी किंवा शॉर्ट असे आले, तर अर्धवट बसलेला कपलर आधी पाहावा. जमिनीशी शॉर्ट असे आले, तर वायर रुळाखाली चिरडून तिचे आवरण कापले गेले असण्याची शक्यता मोठी. व्होल्टेज कमी असा कोड असेल, तर बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी आधी तपासावी. आणि कोडमध्ये स्टिअरिंगच्या एअरबॅगचे नाव आले, तर सीट उगाच उघडत बसू नये. तिथला दोष वेगळा आहे.

काही गाड्यांत प्रवासी सीटच्या वजन ओळखणाऱ्या सेन्सरचे शून्य पुन्हा ठरवून द्यावे लागते. ते स्कॅनरनेच होते, आणि त्या वेळी सीटवर पाण्याची बाटलीसुद्धा असता कामा नये.

कोड पुसताना चावी ऑन आणि इंजिन बंद ठेवतात. पुसून झाल्यावर चावी बंद करून थोडे थांबावे, पुन्हा ऑन करावी, आणि कोड परत वाचून यादी रिकामी असल्याची खात्री करावी. इंटरनेटवर ओबीडी सॉकेटच्या दोन पिना तारेने जोडून दिवा घालवण्याचे व्हिडिओ आहेत. ते विशिष्ट जुन्या मॉडेलांपुरते असतात. आपल्या गाडीवर ते प्रयोग केल्यास मॉड्यूल जळण्याची वेळ येऊ शकते.

७. रस्त्यावर पारखून घ्या

कपलर सैल असेल तर दोष उभ्या गाडीत लपतो आणि धक्क्याने उघड होतो. घोडबंदर रस्त्याचे पावसाळ्यातले खड्डे या चाचणीला आयते उपलब्ध आहेत, आणि नवी मुंबईकरांना सेक्टरांतर्गत रस्त्यांवरचे गतिरोधक. नेहमीच्या वापरात काही दिवस दिव्याकडे लक्ष ठेवावे. गाडी उभी असताना सीट पूर्ण पुढे–मागे सरकवून पाहावे. तेवढ्यावर दिवा लागला, तर वायर ताणली जात आहे.

गॅरेजमध्ये काम देताना सावध राहावे अशा गोष्टी

दिव्याचा त्रास संपवायचे तीन लबाड मार्ग बाजारात आहेत: मीटरमधला दिवा काढून टाकणे, त्याची जोडणी दुसऱ्या दिव्याला देऊन तो सोबतच विझेल अशी व्यवस्था करणे, आणि एअरबॅगच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर लावून मॉड्यूलला फसवणे. पहिला प्रकार पकडणे सोपे आहे, कारण चावी ऑन केल्यावर सुरुवातीचे काही सेकंदही दिवा पेटत नाही. दुसऱ्यात एअरबॅगचा दिवा दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या अगदी तालात पेटतो–विझतो. तिसरा प्रकार डोळ्यांना दिसत नाही आणि स्कॅनरलाही कळत नाही. म्हणून काम समोर उभे राहून करून घ्यावे, आणि बदललेला जुना भाग परत मागावा. तुटलेल्या पिवळ्या वायरीला साधी टेप गुंडाळून जोड देणेही मान्य करू नये. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एअरबॅगसह जुनी सीट स्वस्तात आणून देतो म्हणणाऱ्याला नकार द्यावा, कारण ती सीट कोणत्या अपघातातून किंवा पुरातून आली आहे हे कळण्याचा मार्ग नसतो.

सीट कव्हर घेताना बाजूच्या एअरबॅगसाठी कडेची शिवण मुद्दाम कमकुवत ठेवलेलीच कव्हरे मागावीत. जाड रेक्झिनचे बंद कव्हर घातले, तर स्कॅनर सर्व काही ठीक दाखवेल, दिवाही विझलेला राहील, आणि एअरबॅग मात्र कव्हराच्या आतच अडकेल.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर कपलर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारावे, नाही तर पुढचा दावा नाकारायला त्यांना निमित्त मिळते. सीट काढणाऱ्या दुकानदाराच्या हलगर्जीपणाने खर्च आला असेल, तर त्याच्या बिलावर सीट काढल्याचा स्पष्ट उल्लेख असणे उपयोगी पडते. बोलून प्रश्न सुटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पुसण्याआधीच्या आणि नंतरच्या कोडचे फोटो, तारखेसह, जॉब कार्डाला जोडून ठेवावेत.